बाजारात खूण पुरते, घरात भाषा लागते

व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला हातांचे बोलणे नवे नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत बाजार समित्यांतील जुन्या अडत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. मुंबई शेअर बाजारात १९९५ साली संगणकाचा पडदा येईपर्यंत रिंगणातल्या गलक्यात आरोळीच्या जोडीला हाताची खूण असे आणि त्या खुणेवर लाखोंचे सौदे होत. मौन धरलेला श्रावकही पाणी हवे की नको, हे हातानेच सांगतो. या कोणत्याही खुणेत कुणाला कधी कमीपणा वाटला नाही.

मात्र अशाच घरात ऐकू न येणारे मूल जन्माला आले की तेच हात लपवण्याची वस्तू होतात. पाहुण्यांसमोर ‘हात हलवू नकोस’ अशी ताकीद मिळते. मूल मोठे झाल्यावर त्याला दुकानात जागा मिळते, पण ती मागच्या गोदामात. गल्ल्यावर धाकटा भाऊ बसतो. ‘हा गिऱ्हाइकाशी बोलणार कसा?’ असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तराची वाट न पाहता निर्णयही होऊन जातो.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्या बधिर माणसांनी केव्हाच दिले आहे. अ‍ॅनेलीस कुस्टर्स या बेल्जियमच्या मानवशास्त्रज्ञ स्वतः बधिर आहेत. त्यांनी मुंबईत राहून केलेल्या अभ्यासातून २०१५ मध्ये ‘इशारे’ नावाचा माहितीपट तयार झाला. मुंबईतले बधिर शिक्षक सुजित सहस्रबुद्धे त्यात प्रेक्षकांचे वाटाडे आहेत. शहरातली सहा माणसे ऐकणाऱ्या जगाशी रोजचा व्यवहार कसा करतात, एवढेच त्यात दाखवले आहे. एक गृहस्थ स्टेशनरीच्या दुकानांना घाऊक पेने विकतात. एक महिला पतीच्या सोबतीने शृंगारवस्तूंचे दुकान चालवते. तिची बहुतेक गिऱ्हाइके ऐकणारी आहेत. एक महिला कॉफीगृहाची शाखा सांभाळते. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेले एक गृहस्थ बाजारात किराणा घेतात. भाव विचारणे, घासाघीस करणे, माल नाकारणे, ख्यालीखुशाली विचारणे, सारे चालते. त्यासाठी ही माणसे खुणा, चेहरा, ओठांची हालचाल, कागदावरचे चार शब्द, जे हाताशी असेल ते वापरतात. त्यांपैकी कुणीही ‘बोलणार कसा’ या प्रश्नापाशी अडून बसलेले नाही.

वसईच्या खाडीकाठचे जेसल पार्क या मुंबईहून वेगळे नाही. भाईंदर पूर्वेच्या या वस्तीत मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदी एकाच रस्त्यावर नांदतात. भाजीवाला एका भाषेत भाव सांगतो, घेणारी बाई दुसऱ्या भाषेत तो उतरवते आणि पाव किलो की अर्धा, हे शेवटी बोटांनीच ठरते. ऐकणारी माणसेही इथे दिवसभर खुणांचा आधार घेतात. त्यांच्या ते लक्षात येत नाही, इतकेच. म्हणून या बाजारात उतरणारा बधिर माणूस परक्या मुलखात आलेला नसतो.

आत्मविश्वासाने व्यवहार करणाऱ्या बधिर माणसांच्या वागण्यात काही गोष्टी समान दिसतात. पहिली म्हणजे ते आपले बधिरत्व लपवत नाहीत. कानाला बोट लावून आणि नकारार्थी हात हलवून ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. समोरच्याचा गोंधळ तिथेच संपतो आणि ‘ऐकू येत नाही की लक्ष देत नाही’ असा गैरसमज उरत नाही. दुसरी गोष्ट, न समजलेल्या बोलण्याला ते मान डोलावत नाहीत. कळल्यासारखे दाखवण्याची सवय बधिर मुलांना लहानपणी लागते, कारण पुन्हा विचारले की मोठी माणसे त्रासतात. व्यापारात मात्र खोटी मान महागात पडते: शंभरचा माल ऐंशीला जातो. म्हणून ते निःसंकोचपणे पुन्हा विचारतात, आकडा गणकयंत्रावर टाकून दाखवतात, मोबाइलवर लिहून समोर धरतात. तिसरी गोष्ट नजरेची. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा गल्ल्यावरचा डबा त्यांच्या उपयोगाचा नसतो. ते स्वतःच्या खात्यावर आलेला संदेश पाहूनच माल देतात, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील चित्रावर विश्वास ठेवत नाहीत. ही सावधगिरी ऐकणाऱ्या दुकानदारालाही शिकण्यासारखी आहे.

ऐकणाऱ्यांचा एक लाडका समज मात्र दूर व्हायला हवा. ‘ओठ पाहून त्याला सगळे कळते’ असे घरचे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. ‘पाय’ आणि ‘माय’ हे दोन शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहावेत. ओठ दोन्ही वेळा सारखेच हलतात. अनेक ध्वनी तर घशात आणि जिभेच्या मागे घडतात, ते बाहेर दिसतच नाहीत. ओठवाचन हे बव्हंशी अंदाजाचे काम असते. समोरचा पाठ फिरवून बोलला, तोंडात घास ठेवून बोलला किंवा एकदम चार माणसे बोलू लागली, की अंदाजही संपतो. ओरडून बोलल्याने तर ओठांचा आकार बिघडतो आणि कळायचे तेही कळत नाही. समोर, उजेडात, नेहमीच्या वेगाने बोलणे एवढी मदत पुरेशी असते.

इथवर बाजाराचे झाले. ‘इशारे’मध्ये नोंदलेली दुसरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ऐकणाऱ्या लोकांना खूण आणि सांकेतिक भाषा यांत फरक दिसत नाही. बधिर माणसे मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगतात. खुणेने भाव विचारता येतो. ‘उधारी का थकली’, ‘भागीदारावर विश्वास ठेवावा का’, ‘मला हे स्थळ का नको’ हे खुणेने सांगता येत नाही. त्यासाठी भाषा लागते. भारतीय सांकेतिक भाषा ही अशी पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे: ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ हे प्रश्नशब्द तिथे वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवया, नजर, चेहरा यांनी वाक्याचा अर्थ ठरतो.

या भाषेला मान मिळण्यास फार उशीर झाला. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांना केवळ उच्चार आणि ओठवाचनानेच शिकवावे, असा ठराव केला. ठराव करणारे बहुतेक सारे ऐकणारे होते. त्यानंतर कित्येक देशांतील शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. त्याच परंपरेतील परिषदेने हे जुने ठराव नाकारून खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये. भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे साधन म्हणून मान्यता दिली. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या बधिर वकील महिलेने सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. ज्या हातांना शाळेत गप्प बसवले गेले, त्यांचे म्हणणे देशाच्या सर्वोच्च पीठाने ऐकून घेतले.

बधिर अस्मिता म्हणतात ती हीच. त्यात ऐकणाऱ्यांविषयी राग नाही. ‘मूकबधिर’ हा शब्द अनेक बधिरांना खटकतो तो याच कारणाने, कारण ते मुके नाहीत. त्यांना भाषा आहे. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डब्यात बधिर प्रवासी एकमेकांना गाठतात, हेही कुस्टर्स यांनी नोंदवले आहे. ठरवून एकच गाडी पकडायची, प्रसंगी गप्पा संपेपर्यंत आपल्या स्थानकाच्या पुढे जायचे. दिवसभर अंदाज बांधून थकलेल्या माणसाला त्या डब्यात अंदाज बांधावा लागत नाही.

विचार करावा तो इथे. ज्या तरुणाला डब्यातल्या मित्रांकडे सगळे कळते, त्याला घरी काय कळते? बहुसंख्य बधिर मुले ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्माला येतात. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घर एकत्र बसते. पेढीची गोष्ट निघते, कुणाच्या सोयरिकीची निघते, कशावर तरी सारे हसतात. तो विचारतो, ‘काय झाले?’ उत्तर येते, ‘काही नाही’, किंवा ‘नंतर सांगतो’. ते नंतर सहसा येत नाही. वीस वर्षे असे जेवलेल्या मुलाला धंद्यातले काही कळत नाही, असे मग घरचेच म्हणतात. धंदा शाळेत शिकवला जात नाही. तो जेवताना, गादीवर, मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडतो. त्याच्या कानावर काही पडले नाही आणि डोळ्यांसमोर कुणी ठेवले नाही. पुढे वाटणीच्या कागदांवर त्याची सही घेतली जाते, तेव्हाही त्याला मजकूर कुणी समजावून सांगितलेला नसतो.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. श्रवणयंत्राचा किंवा शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्राचा ज्याला लाभ होतो त्याने तो अवश्य घ्यावा. पण यंत्र उतरवले की माणूस पुन्हा बधिरच असतो, म्हणून भाषा सोडण्याचे कारण नाही. वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सांकेतिक भाषेचे शिक्षण देते. भाईंदरहून वांद्रे एकाच रेल्वेमार्गावर आहे. दिल्लीच्या केंद्राचा कोश घरबसल्या मोफत पाहता येतो. सर्वांत चांगला शिक्षक तर घरातच असतो. धाकट्या भावाने रोज पाच शब्द त्याच्याकडून शिकले, तरी वर्षभरात जेवणाच्या गप्पा त्याच्यापर्यंत पोहोचू लागतील.

संघानेही या गोष्टीकडे पाहावे. मुखवस्त्रिकेमुळे साधु-साध्वींचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे प्रवचनात बसलेल्या बधिर श्रावकाला ओठवाचनाचाही आधार नसतो. पर्युषणाच्या दिवसांत व्याख्यानपीठाच्या बाजूला सांकेतिक भाषेचा एक दुभाषा उभा राहिला, किंवा व्याख्यानाचा सारांश लिहून हाती मिळाला, तरी वर्षानुवर्षे केवळ बसून उठणारी माणसे ऐकणाऱ्यांच्या बरोबरीने श्रवणाचे फळ घेतील.

आणि दुकानाचे म्हणाल, तर त्याला एकदा गल्ल्यावर बसवून पाहावे. सुरुवातीला दोन गिऱ्हाइके बिचकतील, तिसरे बोटांनी भाव विचारील, आणि महिन्याभरात नेहमीची माणसे लांबूनच हात उंचावून नमस्कार करू लागतील. गिऱ्हाईक लवकर शिकते. शिकायला वेळ लागतो तो घराला, म्हणून सुरुवात घराने करावी.