मोहाचे फूल आणि कलम पासष्ट

मराठीच्या वर्गात दारू येते ती 'एकच प्याला'चे बोट धरून. सुधाकर, सिंधू, तळीराम, संसाराची धूळधाण, आणि परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न. आमच्यांपैकी एकाच्या वर्गात खोडाळ्याकडचा एक विद्यार्थी होता. नाटक संपल्यावर त्याने विचारले, "सर, सुधाकरच्या घरी धाड कशी पडली नाही?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते, कारण इतक्या वर्षांत त्या नाटकाविषयी विचारला गेलेला तो एकमेव राजकीय प्रश्न होता.

सुधाकराची वकिलीची सनद जाते, तेवढाच काय तो त्याला सत्तेचा स्पर्श. बाकी सारा दोष प्याल्याचा आणि पिणाऱ्याचा. या चौकटीने शिक्षित मराठी मनाला दारूबंदीकडे निव्वळ नीतीचा प्रश्न म्हणून पाहावयास शिकविले, असा आमचा आरोप आहे. त्या नीतीच्या पांघरुणाखाली शासनाने नागरिकाच्या घरात, झोळीत आणि काही काळ वाणीतही हात घातला. आपण समीक्षक मात्र शोकांतिकेची लक्षणे मोजत बसलो.

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातले गाव. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांचा हा मुलूख. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचायची, वाळवायची, अडीनडीला उकडून खायची, देवाला वाहायची, आणि हो, दारूही गाळायची. इंग्रज सरकारला या फुलाचे वावडे होते ते नीतीमुळे नव्हे. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घेतला आणि मक्तेदारांना विकला. घरची भट्टी चालू राहिली तर मक्त्याच्या दुकानात येणार कोण? म्हणून १८९२ साली थेट मोहाच्या फुलावरच कायदा झाला आणि तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांवर लादला गेला. झाडाखाली पडलेले फूल उचलणे आणि घरी ठेवणे ही सरकारच्या परवानगीची बाब झाली. पिणे तेवढे खुले राहिले, फक्त सरकारमान्य दुकानात, रोख पैसे मोजून. यात संयमाची शिकवण कोणाला दिसत असेल तर त्याच्या दृष्टीला आमचा नमस्कार.

याची उलट बाजू १९२२-२३ साली दक्षिण गुजरातेत दिसली. देवीचा आदेश म्हणून आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला. दारू सोडणे हेच तेथे सत्तेविरुद्धचे बंड ठरले. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'व्यसनाधीन आदिवासी' या इतिहासात कोठे बसतो, हे पुस्तके नेमणाऱ्यांनीच सांगावे.

स्वातंत्र्य आले आणि १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे. नावापलीकडे फार बदललेले नाही. अधिपत्राशिवाय अटक आणि जप्ती करण्याचे अधिकार त्यात आहेत. भट्टीचे साहित्य सापडले आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा गृहीत धरण्याची सोयही आहे. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्याची ही रीत पुढे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात अधिक कठोर होऊन आली आणि तिथे जामीनही दुर्मीळ झाला. (त्याच कायद्याने भांगेची पाने मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळली. कोणाची नशा सांस्कृतिक आणि कोणाची गुन्हेगारी, हे ठरविण्याचा अधिकारही सत्तेचाच.)

मूळ १९४९च्या कायद्यात मद्याची प्रशंसा करणे हाही गुन्हा होता, ही गोष्ट साहित्याच्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे? एफ. एन. बलसारा या मुंबईकराने कायद्याला आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या प्रमाणावर उचलून धरला, पण प्रशंसेवरील बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. खमरियतची परंपरा आवडीने शिकविणाऱ्या, मर्ढेकरांवरील अश्लीलतेचा खटला तोंडपाठ असणाऱ्या आमच्या अभ्यासमंडळांत या निकालाची चर्चा आम्ही कधी ऐकली नाही. तो खटला लढवायला एक सुस्थित शहरी नागरिक लागला, हेही लक्षात ठेवावे. त्याच्या मागण्यांत व्हिस्की होती, बिअर होती, ओ-द-कलोनसुद्धा होते. मोहाचे फूल नव्हते.

शहरात बंदी पुढे परवान्यापुरती उरली. कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, बारमध्ये तो कोणी विचारत नाही. २००७ साली याच राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले. पाड्यावरच्या बाईच्या हंड्याला कलम पासष्ट आणि कारखान्याच्या हंड्याला सरकारी तिजोरी!

आम्ही दारूचे वकील आहोत, असा आक्षेप येईलच. दारूने मोडलेली घरे आम्हीही पाहिली आहेत, आणि बाटली आडवी करणाऱ्या बायांच्या लढ्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण तो गावाचा निर्णय असतो. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मद्यबंदीचा वा नियमनाचा अधिकार दिला. मोखाडा तालुका त्याच क्षेत्रात येतो. ग्रामसभेने घातलेली बंदी आणि फौजदाराने घातलेली धाड यांत फरक आहे. तो ज्यांना दिसत नाही, त्यांनी 'लोकशाही' हा शब्द निबंधात जपून वापरावा.

मे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध उठविले. ठाण्याच्या जंगलात १८९२ साली घातलेला फास सैल व्हायला १२९ वर्षे लागली. त्याच महिन्यात चंद्रपूरची दारूबंदीही उठली. वर्तमानपत्रांनी आठवडाभर चर्चा केली ती चंद्रपूरची. खोडाळ्याकडच्या त्या विद्यार्थ्याच्या आजीला आता फुले घरात ठेवता येतील. ती गाळली, तर कलम पासष्ट तसेच आहे. 'एकच प्याला' पुढच्या वेळी शिकवताना आम्ही त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिणार आहोत.