यंत्र म्हणतं, ही ती नव्हेच!

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांचा विषय निघाला की सभेत कुणीतरी सिनेमातल्या यंत्रमानवाची गोष्ट काढतं. मैत्रिणींनो, इतक्या लांब जायला नको. आपल्या अलिबाग तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीच्या दारात उभ्या राहा.

१ जुलै २०२५ पासून केंद्र शासनाने गरोदर आणि स्तनदा मातांना टी.एच.आर., म्हणजे घरी न्यायचा आहार, देताना चेहऱ्याची पडताळणी सक्तीची केली. सेविकेने 'पोषण ट्रॅकर'वर बाईचा फोटो काढायचा, यंत्राने तो जुळवायचा, जुळला तर आहार. यंत्र बाईला ओळखत नाही. ते चेहऱ्याचे आकडे करतं, आधीच्या फोटोच्या आकड्यांशी ताडून पाहतं आणि साम्याचा अंदाज बांधतं. किती साम्याला 'हो' म्हणायचं, ती रेघ माणूसच ओढतो. रेघ वर नेली तर तोतये अडतात, आणि त्यांच्याबरोबर खऱ्या बायकाही. म्हणजे चुकीची किंमत कुणी मोजायची हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. हा राजकीय निर्णय आहे. 'तांत्रिक बाब' म्हणून आपल्याला त्यावर बोलू दिलं जात नाही, इतकंच.

चुकाही सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुका फार तर ०.८ टक्के, काळ्यासावळ्या बायकांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! आता आपल्या कातकरी वाडीतली बाई डोळ्यांसमोर आणा. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली, उन्हाधुरात राबली, पोटुशी राहिली. ज्या कुपोषणासाठी आहार द्यायचा, त्याच कुपोषणाने तिचा चेहरा बदललेला.

नकार आला की ती भांडणार कुणाशी? सेविकेशी. तीही मानधनावर राबणारी, तिच्याच गावची बाई. याच राज्यातल्या सेविकांनी २०२१ साली शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले होते, हे विसरू नका.

'मग चोरी थांबवायची कशी?' असं आपलेच काही कार्यकर्ते मित्र विचारतात. थांबवायलाच हवी. पण २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातली पूरक आहाराची कंत्राटं रद्द केली, ती कशासाठी? महिला बचत गट बाहेर राहतील अशा अटी घातल्या होत्या म्हणून. त्या अटी लिहिणाऱ्यांच्या चेहऱ्याची पडताळणी कुणी केली?

अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने गरोदर बाईला आहाराचा हक्क दिला, तो चेहरा जुळण्याच्या अटीवर नव्हे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा. यंत्राने नाही म्हटलं तरी सेविकेच्या सहीवर त्याच दिवशी आहार मिळावा. दर महिन्याला किती बायकांना नकार आला, तो आकडा अंगणवाडीच्या भिंतीवर लागावा. आणि ती रेघ कुणी, कुठे ओढली, त्या अधिकाऱ्याचं पद आम्हाला कळवावं.