रावपुऱ्याचा टॉवर आणि आपला खाऊचा खर्च

रावपुऱ्यातून शाळेला येणारी आपली मुले रोज ज्या टॉवरवरून जातात, त्याचे खरे नाव काय, असे आम्ही मध्यंतरी दोन-तीन वर्गांत विचारले. 'रावपुरा टॉवर' यापलीकडे उत्तर आले नाही. पालकांनाही ते आले असते की नाही, याची शंकाच आहे. तो चिमणाबाई टॉवर. श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाईसाहेब 1885 साली क्षयाने गेल्या, तेव्हा त्या जेमतेम वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ 1896 मध्ये हा टॉवर उभा राहिला. पुढे दोनच वर्षांत, 1887 च्या फेब्रुवारीत, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी याच रोगाने गेल्या. त्यांचे वय एकवीस. एक राणी, दुसरी अमेरिकेतून पदवी घेऊन आलेली डॉक्टर. क्षयाचा जंतू 1882 मध्येच सापडला होता, पण औषध कोणाजवळच नव्हते. ते यायला आणखी साठ वर्षे जावी लागली.

ज्यावर उपाय हाती होता, त्यावर मात्र महाराजांनी हात आखडला नाही. विहिरी-तलावांच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरासाठी त्यांनी आजव्याचे सरोवर बांधवले आणि 1890 च्या दशकात नळाने पाणी आणले. गावाच्या पूर्व भागात आजही ते पाणी येते. पटकीने मरता मरता वाचलेला माणूस वैद्याला दुवा देतो. पटकी झालीच नाही, तो कोणाला देणार? आरोग्यावर आधी घातलेल्या पैशाचे दुखणे हेच आहे. दुष्काळ, पूर, साथ आली की देणग्या निघतात. एरवी नाही.

आज क्षयाचे औषध आहे. साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. तरीही जगात दरवर्षी बारा लाखांवर माणसे याने मरतात, आणि जगातल्या रोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. 2025 पासून अमेरिकेने परदेशांतल्या आरोग्याच्या कामांचा पैसा आखडता घेतल्यामुळे अनेक गरीब देशांत ही मोहीम अडचणीत आली. आपल्या देशाची मोहीम बहुतांशी आपल्याच पैशावर चालते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

पण गोळीइतकेच ताटही महत्त्वाचे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काही घरांत सगळ्यांना सहा महिने जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरले. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तांदूळ आणि डाळ! ज्याला आपण वरणभात म्हणतो, तेच.

'हे सरकारचे काम, शाळेने त्यात का पडावे?' असे काही विश्वस्त म्हणतील. सरकार रोग्याला आहारासाठी महिन्याला पैसे देते. नोव्हेंबर 2024 पासून ते पाचशेचे हजार झाले. पण पाच माणसांच्या घरात आलेला हजार रुपया एकट्या रोग्याच्या ताटात पडत नाही, आणि रोग्याच्या आईने तो तसा वाढावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. म्हणूनच 2022 पासून 'निक्षय मित्र' ही योजना आहे. कोणीही माणूस किंवा संस्था तीत नाव नोंदवून, रोग्याच्या संमतीने, त्याच्या आहाराचा भार उचलू शकते.

आमचे म्हणणे असे, की आपल्या शाळेने हे नाव नोंदवावे. वडोदऱ्यातली पाच घरे घ्यावीत, सहा महिन्यांसाठी, आणि नुसता रोगी नव्हे, सगळे घर. पैसा स्नेहसंमेलनाच्या मंडपातून आणि खाऊतून काढावा. एका वर्षी कमान छोटी झाली तर नाटुकली काही वाईट होत नाहीत.

मुलांना रोग्यांच्या घरी पाठवणार का, ही पालकांची काळजी आम्हांला कळते. तसे काही नाही. शिधा आरोग्य केंद्रामार्फत जाईल. शिवाय औषध नीट सुरू झाले की बहुतेक रोग्यांपासून संसर्गाची भीती काही आठवड्यांतच सरते. खरी अडचण निराळी आहे. आपल्या वाड्यांतही हा रोग आहे आणि आपण तो लपवतो. आमच्यापैकीच एकाच्या घरी आजीच्या खोकल्याला वर्षभर 'दमा' म्हटले गेले, कारण घरात लग्नाची मुलगी होती. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, एवढे तरी पुढच्या पालकसभेत मोठ्या आवाजात बोलले जावे.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीसाठी हा प्रस्ताव आम्ही लेखी दिला आहे. ज्या पालकांना आपल्याकडून एका घराचा शिधा द्यायचा असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. देणाऱ्याचे नाव फलकावर लागेल. घेणाऱ्याचे कोठेही लागणार नाही.