लेथाभोंवतालचे प्रेक्षक

'छंदी' हें विशेषण आमच्या लहानपणीं दूषण म्हणून वापरीत. 'छंदीफंदी माणूस' म्हटलें कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आंठी पडे. आतां वारें फिरलें आहे. ज्यास कांहीं छंद नाहीं तो मनुष्य अर्धवट घडलेला, असें मानण्यापर्यंत सुशिक्षितांची मजल गेली असून गांवोगांवीं छंदमंडळें निघत आहेत. त्याविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर अंगठा घासण्यापेक्षां मनुष्यानें लांकडाच्या भुशांत रविवार घालवावा हें केव्हांही बरें. परंतु बारामती-इंदापुराकडच्या अशा एका मंडळांत लांकूड कातण्याचें जें 'शिक्षण' चालतें तें मी तीन वेळां जाऊन पाहिलें आहे, आणि त्यास शिक्षण म्हणण्यास माझी साफ हरकत आहे.

पद्धत ठरलेली असते. बाहेरगांवाहून एक निष्णात गृहस्थ येतात. टेबलावर विजेचा लहानसा लेथ, समोर पन्नास खुर्च्या. बोलतां बोलतां ओंडका फिरूं लागतो, गृहस्थ हत्यार टेकतात, आणि ओल्या लांकडाच्या लांबच लांब फिती त्यांच्या मनगटावरून उडूं लागतात. दीड तासांत वाटी तयार होते. ती हातोहात फिरते, जो तो तिच्या कडेवरून बोट फिरवितो, टाळ्या होतात, चहा होतो. पन्नासांपैकीं एकाच्याही हातांत हत्यार आलेलें नसतें. तरीही घरीं जातांना प्रत्येकजण 'आज कातकाम शिकलों' असें म्हणतो, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. पोळी लाटणाऱ्या आईच्या शेजारीं बसून वीस वर्षें जेवलेल्या मुलास पोळी लाटतां येत नाहीं, हें मात्र या सर्व मंडळींस स्वतःच्या घरीं पक्कें ठाऊक असतें.

वास्तविक कातकामांत डोळ्यास दिसतें तें थोडें आणि हातास कळतें तें फार. हत्यार आधीं टेकणीवर ठेवावयाचें, मग त्याच्या धारेमागचा उतार फिरत्या लांकडावर नुसता घासूं द्यावयाचा, आणि मग मूठ हळूहळू उचलीत न्यावयाची, म्हणजे धार आपण होऊन लांकडांत शिरते. हें वाक्य पन्नासजणांनीं वहींत उतरून घेतलें तरी त्यांतलें 'हळूहळू' म्हणजे किती हळू, तें वहींत उतरत नाहीं. उतार सुटून नुसती धार लांकडास लागली कीं हत्यार गपकन् आंत ओढलें जातें, लांकडावर मळसूत्रासारखा ओरखडा उठतो आणि कोपरापर्यंत हिसका बसतो. तो हिसका हाच या विद्येचा पहिला गुरु होय. निष्णाताच्या हातून तो सहसा बसत नाहीं. म्हणून प्रेक्षकांस तो दिसतही नाहीं. म्हणजे शिकावयाचें तेंच नेमकें त्याच्या कौशल्यानें झांकून टाकलेलें असतें!

लाटणें किंवा चौरंगाचा पाय कातावयाचा तर धार जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावी लागते. उलट नेली तर तंतू उचकटतात. वाटीची गोष्ट वेगळी. तेथें रेषा आडव्या असल्यामुळें प्रत्येक फेऱ्यांत हत्याराला दोनदां तंतूंची बाजू आणि दोनदां त्यांचीं टोकें भेटतात. हा फरक कानाला बारीक आवाजानें आणि तळहाताला बारीक थरथरीनें कळतो. दहाव्या रांगेंतल्या खुर्चीपर्यंत ती थरथर पोहोंचत नाहीं. आणि लांकूड तरी एकसारखें कोठें असतें? आमच्याकडची बाभूळ वाळली कीं हत्यारास दाद देत नाहीं. ती ओली असतांना सुखानें कातली जाते, पण पातळ कातली तर वाळतांना तडकते. म्हणून वाटी प्रथम जाड कातून कांहीं महिने बाजूस ठेवावी, तिला हवी तशी वांकडी होऊं द्यावी आणि मग पुन्हां लेथावर चढवून पुरी करावी, ही रीत आहे. दीड तासांच्या कार्यक्रमांत हे महिने बसवावयाचे कोठें? धार लावण्याची गोष्ट तर बोलावयासच नको. बोथट हत्यारानें सर्व श्रम फुकट, हें प्रत्येक सुतार जाणतो; आणि सहाणेवरचें तें कंटाळवाणें काम पाहण्यास रंजक नसल्यामुळें कार्यक्रमांतून तेंच पहिल्यानें गाळलें जातें.

यावर चालकांचें म्हणणें असें कीं, यंत्र धोक्याचें आहे, नवख्याच्या हातीं कसें द्यावें? धोका खरा आहे. सैल बाही गुंतते, रुंद लांकूड फार वेगानें फिरविलें तर सुटून तोंडावर येतें. पण त्यासाठीं तोंडावर ढाल बांधावी, वेग कमी ठेवावा, वाटीऐवजीं वीतभर लांकडाचें लाटणें द्यावें आणि शेजारीं जाणता मनुष्य उभा करावा. इंदापूर तालुक्यांतच वालचंदनगर आहे. तेथील कारखान्यांत साखर कारखान्यांचीं अवजड यंत्रें घडलीं, अवकाशांत जाणाऱ्या रॉकेटांचीं आवरणें घडलीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत टर्नरचा धंदा शिकणारा मुलगा दोन वर्षें लोखंडावर हत्यार धरतो. त्याला कोणी खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवावयास सांगत नाहीं. त्याच्या शिक्षणांत धोका आड येत नाहीं, कारण त्यावर त्याला पोट भरावयाचें असतें. मग धोका आमच्याच मुलांना तेवढा कसा भेडसावतो? मला वाटतें, भय बोट कापण्याचें नसून हात मळण्याचें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. मराठींत या धंद्यास 'कातारी' असा स्वतंत्र शब्द आहे. त्याच्या क्रियापदावरून झालेलें 'कातीव' हें विशेषण आम्ही प्राध्यापक मंडळी सुंदर नाकास आणि रेखीव ओळीस मोठ्या प्रेमानें लावतों. विशेषण ठेवून घेतलें आणि माणूस तेवढा सोडून दिला! पाळण्याचे गज, पलंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, ताक घुसळण्याची रवी, पोरांचे भोंवरे हें सर्व ज्यांच्या हातून आमच्या घरांत आलें, त्यांच्यापैकीं एखादा म्हातारा हात अजून तालुक्याच्या गांवांत सांपडतो. त्याला या कार्यक्रमास कां बोलावीत नाहीं, असें मी विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें, "त्यांना काम येतं हो, पण समजावून सांगतां येत नाहीं." या एका वाक्यांत आमच्या इंग्रजी शिक्षणाचा सारा इतिहास आला. सांगतां येणें म्हणजे विद्या, करतां येणें म्हणजे मजुरी!

बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमि. त्यांच्या नांवावर 108 रामायणें आहेत. त्यांतलें एक तर वाचतांना ओंठास ओंठ लागूं नये अशा वर्णांत रचलेलें. एकच कथा इतक्या बंधांत बसवून पाहणाऱ्या या पुरुषानें आर्या कशी कातावी यावर व्याख्यानें दिल्याचें ऐकिवांत नाहीं. आम्ही टीकाकारांनीं मात्र त्या रचनेस 'नुसती कारागिरी' म्हणून नाक मुरडलें, आणि सुतारास 'नुसता कारागीर' म्हणून मंडपाबाहेर ठेवलें. दोन्ही ठिकाणीं तुच्छता एकाच जातीची आहे.

याच्या उलट सावंतवाडीचें पाहा. तेथील गंजिफांची कला मावळूं लागली असतां शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनीं वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि कारागिरांना राजवाड्यांतच बसावयास जागा करून दिली. गंजिफा रंगविणें हें कातकाम नव्हे, हें मान्य. पण राजाराणीनें चिताऱ्याच्या शेजारीं बसून कुंचला हातांत धरावा आणि आम्ही चाकरमान्यांनीं सुताराशेजारीं बसण्यास लाजावें, हें विचित्र नव्हे काय? चन्नपट्टणचा कारागीर फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबतो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंग बसतो. तो दाब किती, हें त्यालाही कदाचित् शब्दांत सांगतां येणार नाहीं. म्हणून तें ज्ञान नव्हे कीं काय?

कोणी म्हणेल, ही सारी पद्धत पाश्चात्त्यांकडून आली आहे, तिला नांवें कां ठेवतां? तर मग ती पुरी तरी आणा. अमेरिकेंत 1986 सालीं आणि इंग्लंडांत 1987 सालीं हौशी व धंदेवाईक कातकाऱ्यांच्या संघटना निघाल्या. प्रात्यक्षिकें तेथेंही होतात. पण सभासद आपापलें काम आणून टेबलावर मांडतात, त्याचे दोष चारचौघांत निघतात, आणि नवख्यास जुना सभासद आपल्या लेथावर उभा करतो. आम्ही त्यांतल्या खुर्च्या तेवढ्या उचलल्या. स्वीडनांत नेस येथें ऑटो सॉलोमन यांनीं एकोणिसाव्या शतकांत हस्तकामाचें शिक्षण देणारे शिक्षक तयार केले. विद्यार्थ्याच्या कामास शिक्षकानें स्वतः हात लावूं नये, हा त्यांचा दंडक होता. आमच्याकडे शिक्षकच सारें काम करतो आणि विद्यार्थी हात लावीत नाहीं! 1937 सालच्या वर्धा परिषदेनें हातच्या धंद्याभोंवतीं शिक्षण उभारण्याचा विचार मांडला, तेव्हां सुशिक्षित वर्गानें त्याचें कौतुक केलें आणि स्वतःचीं मुलें दुसऱ्या शाळांत घातलीं. तीच वृत्ति आज छंदाचें गोंडस नांव घेऊन परत आली आहे.

'अहो, ही हौस आहे, एवढें काय मनावर घेतां?' हा शेवटचा आक्षेप. हौसेनें गाणें शिकणाराही सूर लावतोच ना? नुसती वाटी पाहावयाची असेल तर ती खुशाल पाहावी. कार्यक्रमास 'कलादर्शन' म्हणावें, माझी कांहीं तक्रार नाहीं. 'शिक्षण' म्हणावयाचें असेल तर एका लेथामागें चौघांहून अधिक नकोत. पहिला रविवार सहाणेवर जावा. दुसऱ्या रविवारीं प्रत्येकानें बाभळीच्या तुकड्यावर हिसका खावा. आणि शिकविण्यासाठीं गांवांतल्याच सुतारास बोलावून, बाहेरगांवच्या व्याख्यात्यास जेवढें मानधन देतां तेवढेंच, पाकिटांत घालून, सर्वांदेखत त्याच्या हातीं द्यावें.