जिन-प्रेसची आग आणि मालकाची जबाबदारी

कापसाचा हंगाम उभा राहिला, कीं वऱ्हाड-खानदेशांत कोठें ना कोठें जिनिंग कारखान्यास आग लागल्याची वार्ता हटकून येते. ती वाचून हळहळावयाचें, विजेच्या तारांवर खापर फोडावयाचें आणि पुढच्या हंगामापर्यंत सर्व विसरून जावयाचें, असा आपला परिपाठ पडला आहे. कारखाना व्यापाऱ्याचा असतां हें एक वेळ चालून जाईल. परंतु आज कित्येक जिन-प्रेस, गुदामें व शीतगृहें शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या व उत्पादक कंपन्यांच्या मालकीचीं आहेत. तेथें जळतो तो कापूसही आपला आणि कायद्यापुढें उभा राहणारा मालकही आपणच. या दुसऱ्या गोष्टीचा विचार सभासदांच्या मनाला शिवलेला आम्हांस फारसा आढळत नाहीं.

या राज्यांत ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अंमलांत आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाचा आशय असा कीं, ज्या इमारतींस तो लागू आहे तेथें आग रोखण्याचीं व माणसें वांचविण्याचीं साधनें बसविणें आणि तीं सदैव चालू स्थितींत राखणें, हें मालकाचें अथवा भोगवटादाराचें काम आहे. सरकारी अधिकारी पाहणीस येईल तेव्हां ही जबाबदारी उत्पन्न होते, असें नव्हे. साधनें सुस्थितींत असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र वर्षांतून दोन वेळां, जानेवारींत व जुलैंत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावें लागतें. कोणत्या इमारतीस कोणतें साधन हवें, याचीं मानें राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) चौथ्या भागांत दिलीं आहेत.

आतां जानेवारी म्हणजे ऐन हंगाम, कोणास मान वर करावयास फुरसत नाहीं. आणि जुलै म्हणजे कारखान्यास कुलूप. प्रमाणपत्र दोन्ही वेळां येतें, पण पाहत कोणीच नाहीं. एका संस्थेच्या कारखान्यांत आम्हीं कचेरींतील प्रमाणपत्र पाहिलें; तें चौकटींत बसवून भिंतीवर लावलें होतें. आवारांतील पाण्याची टांकीही भरलेली होती. पंप मात्र सुरू होईना. त्याची बॅटरी कोणाच्या तरी ट्रॅक्टरला लावली असून ती परत आणावयाची राहिली, असें कळलें. अध्यक्ष सज्जन गृहस्थ, ते म्हणाले, “आपले कागद पुरे आहेत.” आमच्या मतें सारा रोग या एका वाक्यांत आला.

कापसाची आग ही इतर आगीसारखी नाहीं. जिनच्या पात्यांत खडा किंवा लोखंडाचा तुकडा सांपडला, कीं ठिणगी उडते. पूर्वी मजूर रुई डोक्यावर वाहून नेत, तेव्हां ती कोणाच्या तरी दृष्टीस पडे. आतां हवेच्या जोरावर नळांतून रुई ओढली जाते, आणि ठिणगीही तिच्याबरोबर पलीकडच्या ढिगांत जाऊन बसते. १७० किलोच्या दाबलेल्या गाठींत शिरलेला विस्तव बाहेरून न दिसतां आंतल्या आंत धुमसतो व कित्येकदां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं गुदामांत पेट घेतो. भिंतीवर टांगलेल्या तांबड्या नळकांड्यांतील कोरडी पूड वरची ज्वाळा बसविते, आंतला विस्तव विझवीत नाहीं. त्यास पाणीच पाहिजे, आणि तें पुष्कळ व दाबानें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोटकांच्या संगतीनें कापसाच्या गाठी भरल्या होत्या. त्या गाठींच्या आगीचें मूळ बंबांनीं पाणी सोडूनही सांपडलें नाहीं, आणि पुढें झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

नियम शहरांसाठीं केलेले, खर्च मोठा आणि बंब तर तालुक्याच्या गांवाहून येणार, अशी तक्रार संचालक करतात. ती अगदींच खोटी नाहीं. बाजार समित्या आपल्या मालावर फी घेतात. त्यांतून हंगामाचे चार महिने तरी एक बंब आवारांत सज्ज ठेवावा, ही मागणी आम्ही येथें करतों. परंतु बंब दूर आहे याचा अर्थ स्वतःची टांकी व पंप यांची गरज कमी झाली असा काढणें विपरीत होय. ज्याच्या मळ्यापासून नदी लांब, तो विहीर बुजवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट, कटु असली तरी बोलून टाकतों. जिनमध्यें सांपडणारा तो खडा बहुधा आपल्याच गाडींतून गेलेला असतो. वेचणीच्या वेळीं जमिनीवरून गोळा केलेला कापूस, चाळ्यावर सांडलेले खिळे, गंजीशेजारीं उभा केलेला धुरकट सायलेन्सरचा ट्रॅक्टर, आणि पाळीची वाट पाहतांना ओढलेली विडी, यांचा दोष संचालक मंडळावर ढकलतां येणार नाहीं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर अखेरपर्यंत होतात, म्हणजे हंगामाच्या तोंडावरच. त्या दिवशीं ताळेबंद वाचून होतांच सभासदांनीं अध्यक्षांस आवारांत चलण्याची विनंति करावी, पंप सर्वांदेखत सुरू करवावा, आणि नळीचें पाणी शेवटच्या गंजीच्या जागेपर्यंत पोंचतें कीं नाहीं तें मोजून पाहावें. बॅटरी दुरुस्तीस दिली आहे असें उत्तर मिळाल्यास तें सभेच्या इतिवृत्तांत, तारखेसह, लिहवून घ्यावें.