अनामत म्हणजेच अमानत



भाड्याचं घर सोडून चार महिने झाले, तरी आमची 50 हजारांची अनामत रक्कम घरमालकांकडेच होती. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. रमजानमध्ये इफ्तारीची ताटं दोन्हीकडून जायची-यायची. त्यामुळे पैसे मागताना जीभ अडखळे. फोन केला की उत्तर ठरलेलं, "इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात." इकडे मुलीच्या प्रवेशाची फी भरायची तारीख जवळ आली होती.

शेवटी अम्मीच म्हणाल्या, "बेटा, आपलीच अमानत मागायला लाजायचं कशाला?"

खरं तर मराठीतला 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरूनच आला आहे. अमानती ज्यांच्या त्यांना परत करा, असा आदेश सूरह निसाच्या 58 व्या आयतीत आहे. सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत. तिच्यात उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. म्हणजे लिहून मागितल्याने नात्याचा अपमान होत नाही.

आम्ही मग साधं पत्र लिहिलं. कराराची तारीख, दिलेली रक्कम, चावी परत केल्याचा दिवस आणि 15 दिवसांची मुदत एवढंच त्यात होतं. ते पोचपावतीसह टपालाने पाठवलं आणि एक प्रत जपून ठेवली. आठवड्यात चाचांचा फोन आला. रंगकामाचे 8 हजार कापून बाकी देतो म्हणाले. करारात रंगाची अट नव्हती. तीन वर्षं राहिल्यावर भिंतीचा रंग उतरणारच. ती वापराची झीज, नुकसान नव्हे. मात्र खिडकीची काच आमच्याकडूनच फुटली होती. मोहल्ल्यातील दोन बुजुर्गांसमोर बोलणं झालं. काच आणि नळाचे दीड हजार आम्ही मान्य केले, बाकीचे 48,500 मिळाले. ईदला चाचांकडे शीरखुर्माही प्यालो.

प्रत्येकाचं प्रकरण इतक्या सहज मिटत नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. अनामत रक्कम बँकेतून द्यावी. रोख दिली तर पावती घ्यावी. घर सोडताना लाइट बिल चुकतं करावं, प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, मीटरचं रीडिंग आणि चावी दिल्याची तारीख लिहून मालकाची सही घ्यावी. शक्यतो हिशेब त्याच बैठकीत पुरा करावा.

पत्राला दाद मिळाली नाही, तर वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा हा मार्ग आहे. पण पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 'पुढच्या महिन्यात' ऐकत ती संपवू नये. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोडीसाठी अर्जही करता येतो.

आता आमच्याच घरातलं सांगतो. गावी सासऱ्यांच्या घरात भाडेकरू होता. त्याच्या अनामतीतून आम्ही गच्चीची गळती काढली होती. त्याच वर्षी तो घर सोडायला निघाला आणि आमच्या तोंडून सहज निघून गेलं, "पुढच्या महिन्यात देतो." तो बिचारा मान हलवून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तीच लाज होती, जी चार महिने आमच्या चेहऱ्यावर होती.

त्या रात्री झोप लागली नाही. भिशी उचलली आणि चौथ्या दिवशी त्याची रक्कम त्याच्या हातात ठेवली.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. भाडेकरूची अनामत बँकेत वेगळी राहते. ती आपल्या घरात असली, तरी आपली नसते.