हवा खाणारी गाडी

"मामा, गाडीला श्वास पुरत नाही," असं माझा निफाडचा भाचा परवा म्हणाला, तेव्हा मी दम्याचा काढा सुचवणार होतो. पण त्याच्या हातात रंगीत कागद होता. कांदे लासलगावच्या बाजारात नेणाऱ्या डिझेल पिकअपमधले कंपनीचे काळे खोके काढायचे आणि तिथे चकचकीत पाइपावर लाल, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा, असा बेत होता. किंमत साडेसहा हजार. कागदावर लिहिले होते : ताकद वाढते, ॲव्हरेज वाढते, आवाज दमदार होतो. यातले तिसरे तेवढे खरे आहे.

मी मोटारींतला जाणकार नव्हे. पण घरातले कोणी साडेसहा हजार वाऱ्यावर सोडायला निघाले (आणि इथे तर अक्षरशः), की आमच्यासारखा माणूस रातोरात इंजिनिअर होतो. मी कागद-पेन्सिल घेतली. अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल आणि दर दोन फेऱ्यांमागे एकदा पोटभर हवा ओढत असेल, तर मिनिटाला अडीच हजार लिटर झाली. म्हणजे दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची अख्खी खोली अकरा-बारा मिनिटांत फस्त! टर्बो असला तर त्याहून लवकर. आता ही खोलीभर हवा कुठली? एप्रिलमधल्या शिवाररस्त्यावरची, पुढे ट्रॅक्टर चाललेला. तिच्यात काय असते ते पाहायला कांद्याच्या गोणीवरून बोट फिरवावे. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि लायनर घासते, गाडी ऑइल प्यायला लागते आणि एक दिवस मिस्त्री हात पुसत सांगतो, "शेठ, इंजिनचं काम निघालं." त्याच वाटेवर टर्बोही बसलेला असतो. त्याचे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. त्या वेगात वाळूचा कणही जपून खावा लागतो.

"पण मामा, हे 'कोल्ड एअर' आहे!" भाचा म्हणाला. नाव मोठे झकास आहे. खरी गोष्ट अशी, की कंपनीच्या त्या कुरूप खोक्याची सोंड इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची हवा घ्यायला ठेवलेली असते. उघडा शंकू मात्र बॉनेटखाली तापलेल्या इंजिनाच्या कुशीत बसतो. चुलीशेजारी कूलर ठेवून घरात गारवा आला म्हणण्यातला हा प्रकार.

त्यातून हे डिझेल. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती किती डिझेल फवारले त्यावर, आणि ते माप कॉम्प्युटरच्या हातात. ताट मोठे आणले म्हणून वाढपी श्रीखंड जास्त वाढत नाही! अमेरिकेत हौशी लोक कॉम्प्युटरचे माप बदलून डिझेल जास्त सोडतात. त्यांना हवाही जास्त लागते, त्यांचे ते बघून घेतील. त्यांना बाजार समितीत सकाळी आठला पोचायचे नसते.

भाचा हार मानणारा नाही. "कंपनी पैसे वाचवते हो." वाचवते ना! सीटच्या फोमात वाचवते, पत्र्यात वाचवते. पण ज्या जागेवरून वॉरंटीत इंजिन परत येऊ शकते, तिथे कंजुषी करायला कंपनी काही माझी नातेवाईक नाही. मग त्याने हुकमाचे पान टाकले, "तुमच्या काळच्या जीपला तरी तेलाचाच फिल्टर होता की!" होता. पण ती तेलाची वाटी होती. हवा वळताना धूळ तेलात पडायची, खाली गाळ साचायचा. पुढे कागद आला तो त्याहून बारीक धूळ अडवतो म्हणूनच. या लाल शंकूचे सुती कापड धुऊन त्यावर तेल लावायचे असते. कमी लागले तर धूळ आत. जास्त लागले तर तेल उडून पुढच्या नाजूक सेन्सरवर. आमचा ड्रायव्हर तर लोणच्यावर सोडावे तसे तेल सोडणार.

तरी शेवटी नाशकातल्या त्या दुकानात गेलो. मी विचारले, "हा धूळ किती अडवतो? कुठे चाचणीचा आकडा?" दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले. "काका, बारा वर्षं धंदा करतोय. गिऱ्हाईक आवाज विचारतं. धूळ पहिल्यांदा तुम्ही विचारलीत."

परत येऊन खोके उघडले. झाकणाच्या क्लिपांपैकी एक तुटलेली, तिथे सुतळी बांधलेली. आतला कागदी फिल्टर चहाच्या गाळण्यासारखा झालेला, शिवाय जवळून कॉम्प्रेसरची हवा मारून मारून एका घडीला भोक पडलेले. श्वास पुरेल कसा? अस्सल फिल्टर, नवी क्लिप, रबरी पाइपाचा पट्टा घट्ट, सगळे मिळून हजाराच्या आत झाले.

भाचा एक फेरी मारून आला. "पळते हो मामा, चांगली पळते." मग जरा थांबून म्हणाला, "पण कळत नाही कुणाला."

उरलेल्या पैशांत त्याने भोंगा बसवला आहे.